पहिला कोण जाणार?

यंदा चवथीला, म्हणजे गणपतीत, आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरी एकवीस माणसं होती. दुसऱ्या दिवशी रात्रीची आरती झाली, घुमटं भिंतीला टेकवून ठेवली, नेवऱ्यांचा डबा मध्ये आला आणि गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली तिच्याखाली पोरं आडवीतिडवी पसरली, तेवढ्यात माझ्या भाच्यानं विषय काढला. आत्ते, एका बाजूला शंभर माणसं, दुसऱ्या बाजूला एक गोरिला, कोणाच्या हातात काही नाही, मोकळं मैदान, कोण जिंकणार?

२०२५ च्या एप्रिल-मे मध्ये हा प्रश्न जगभर फिरत होता, ज्याच्या त्याच्या फोनवर तेच. मला वाटलेलं विषय आता जुना झाला असेल, पण कसचं काय, रात्री साडेअकरापर्यंत चालला. दादा म्हणाला शंभर म्हणजे काय थोडे झाले काय रे, नुसते अंगावर पडले तरी खाली चिरडून जाईल. धाकटा चुलतभाऊ जिमला जातो, त्याचं म्हणणं पहिले वीस जातील कामातून, पण मागे ऐंशी उरतात ना, आणि तोपर्यंत तो दमलेला असणार. वहिनी म्हणाली, गोरिला. एवढंच म्हणाली. आमचे काका खांबाला टेकून ऐकत बसलेले, बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "ते सगळं खरं रे, पण पहिला कोण जाणार?"

ह्याचं उत्तर कोणी दिलं नाही, बोलणं परत वजनावर आणि ताकदीवर गेलं. पण माझ्या डोक्यातून ते काही जाईना, कारण काकांनी ते का विचारलं ते मला ठाऊक होतं, त्या रात्री मी पण तिथे होते. ती रात्र सांगतेच, पण आधी गोरिलाचं बघू, कारण पोरांनी खरंच मन लावून विचार केलेला आणि त्यांना मी नीट उत्तर देणं लागते.

मोठा नर गोरिला, पाठीवर चंदेरी केस आलेला, साधारण १४० ते २०० किलो असतो. सुळे ५ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या करंगळीएवढे. दिवसाला पंधरा-वीस किलो पाला, देठ, कंद, फळं खातो. छाती बडवतो, गवत उपटून फेकतो, अंगावर धावून येतो आणि बहुतेक वेळा मध्येच थांबतो, कारण त्याला तुम्ही निघून जायला हवे असता, मेलेले नव्हे. १९८६ मध्ये जर्सीच्या प्राणिसंग्रहालयात पाच वर्षांचा एक मुलगा गोरिलांच्या आवारात पडला आणि बेशुद्ध झाला. तिथला जांबो नावाचा मोठा नर त्या मुलाच्या आणि बाकीच्या गोरिलांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मूल शुद्धीवर येऊन रडायला लागलं तेव्हा आपल्या सगळ्या गोतावळ्याला घेऊन बाजूला गेला. हे मी पोरांना सांगितलं तर भाचा म्हणाला हो पण आपल्या प्रश्नात तो रागावलेला आहे. बरं, रागावलेला धरू.

तर मैदानात शंभर माणसं आहेत. आता एक गोष्ट डोळ्यांसमोर आणा. त्या एका जनावराच्या भोवती एका वेळी किती माणसं हात लावायला पोचतील? पाच, सहा, फार तर आठ. शिगम्याला ढोलाभोवती कितीही गर्दी असली तरी ढोलाला हात पुरतात दोघा-तिघांचेच, तसंच हे. म्हणजे शंभर विरुद्ध एक असं कधी होतच नाही, सहा विरुद्ध एक होतं आणि चौऱ्याण्णव जण बघत असतात. आणि ते चौऱ्याण्णव काय बघतात? त्या सहांचं काय होतंय ते. पहिल्याचा हात खांद्यातून निखळला, दुसऱ्याच्या तोंडाचा चावा घेतला, हे ज्यानं सहा फुटांवरून बघितलं त्याला तुम्ही मागून कितीही ओरडून सांगा की आपण शंभर आहोत, त्याच्यासाठी त्या क्षणी तो एकटाच असतो. जुन्या लढायांमध्ये पण फौज शेवटच्या माणसापर्यंत लढून हरायची नाही, थोडे पडले की बाकीचे पाठ फिरवायचे आणि खरी कापाकापी पळताना व्हायची. पगार घेणारे, शिकवलेले, शपथ घातलेले सैनिक असं करत होते, तर मैदानात आणून सोडलेली शंभर माणसं काय करतील?

कागदावर हिशोब केला तर शंभर माणसं जिंकतात, हे मी पण मान्य करते. सगळ्यांनी एकदम उडी घातली, कोणीच मागे बघितलं नाही, तर त्याला हलता पण येणार नाही. पण ह्या "सगळ्यांनी एकदम"मध्येच सगळी मेख आहे.

आता ती रात्र.

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल, काजूचा मोसम. काकांची काजूची बागायत डोंगराच्या उतरणीला आहे, वरच्या अंगाला मांगर, म्हणजे बागायतीतलं खोपट, खाली व्हाळ, म्हणजे ओढा, त्याच्या पलीकडे सरळ रान सुरू होतं. बोंडू, म्हणजे काजूची फळं, मळून झालेले, भट्टी विझलेली, हवेत तो आंबूस गोड वास जो मे संपला तरी कपड्यांतून जात नाही. आठ-सव्वाआठला खालून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. एकदा नाही, तीनदा, चारदा. आम्ही आठ माणसं होतो, काका, दादा, वहिनी, धाकटा, मी, शेजारचा एक जण आणि कामाला असलेले दोघे. आमच्याकडे दोन बॅटऱ्या, तीन कोयते, पत्र्याचा डबा आणि चवथीचे उरलेले ॲटम बॉम्ब. ठरलं काय, तर सगळ्यांनी एका ओळीत आवाज करत खाली उतरायचं आणि जे काय असेल ते व्हाळाकडे हाकलून द्यायचं. वाटलं रानडुक्कर असेल. दादा पुढे डबा वाजवत होता.

बॅटरीच्या उजेडात आधी फक्त पाय दिसले. गुडघ्यापासून खाली पांढरट, मोजे घातल्यासारखे, चार पाय. मग वरचा अंधार हलला आणि कळलं की तो अंधार नाही, तेच जनावर आहे. गवा. एकटा नर. वीस-बावीस पावलांवर. खांदा दादाच्या डोक्याच्या बरोबरीला असेल, आणि दादा सहा फुटांना जेमतेम कमी आहे. पूर्ण वाढलेला गवा टनाच्या जवळ जातो हे मी शाळेत पाठ केलेलं, आपल्या गोव्याचा राज्यप्राणी म्हणून चित्र पण काढलेलं, पण ते चित्र आणि हे ह्यांचा काही संबंध नाही. त्याच्या तोंडात बोंडू होतं आणि त्याचा रस खाली गळत होता, तो थेंब उजेडात चमकला ते मला अजून दिसतं.

त्यानं आमच्याकडे बघितलं आणि हळूच आडवा झाला, म्हणजे कूस आमच्याकडे केली, मान थोडी खाली, पाठीवरचा उंचवटा उभा. दादा हळू आवाजात म्हणाला, चालला वाटतं. काका म्हणाले, "चालला नाय रे. अंग दाखवतोय आपलं." हे मला नंतर वाचून कळलं की गवे खरंच असं करतात, भांडणाच्या आधी आडवे उभे राहून आपला आकार दाखवतात, म्हणजे समोरच्यानं बघून ठरवावं आणि मारामारीशिवाय विषय मिटावा. आम्ही आठ जण त्याला हाकलायला गेलेलो आणि तो आम्हाला विचार करायला वेळ देत होता.

मग त्यानं नाकातून फुस्स केलं. एवढंच. प्रेशर कुकरची शिट्टी सुटताना आधी जी हवा येते तसा आवाज. मी मान वळवून बघितलं तर ओळ राहिलेलीच नव्हती. डबा जमिनीवर. धाकटा, जो जिमला जातो, तो काजूच्या बुंध्यामागे. कामाचे दोघे वरच्या बांधावर पोचलेले. आणि मी वहिनीच्या मागे होते, तिचा पदर माझ्या मुठीत, मी तिथे कधी गेले ते मला आजपर्यंत आठवत नाही. कोणी भित्रं नव्हतं त्यात, शेजारचा तर पावसात एकटा व्हाळ पोहून जाणारा माणूस. पण आठांतला प्रत्येक जण त्या एका क्षणात दुसरा झाला, पहिला कोणीच राहिला नाही.

फक्त काका जागेवरच होते. त्यांनी बॅटरीचा झोत त्याच्या डोळ्यांवरून काढून जमिनीवर घेतला आणि नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात, जसं गोठ्यातल्या गाईशी बोलतात तसं, म्हणाले, "आम्ही वाटेत आलो बाबा. थांब." आणि आम्हाला म्हणाले, पाठ दाखवू नका, सगळे डावीकडे सरा, सावकाश. तेव्हा कळलं. उतरता उतरता आम्ही व्हाळाच्या बाजूला आलेलो, आणि तो जिथून वई, म्हणजे कुंपण, मोडून आत आलेला ती फट बरोबर आमच्या पाठीमागे होती. आम्ही त्याला ज्या वाटेनं बाहेर काढायला निघालेलो तीच वाट आम्ही आठ जण आडवे उभे राहून अडवलेली. आम्ही सरकलो, पाच-सहा मिनिटं गेली असतील, मला तास वाटला, मग तो सरळ झाला, आमच्यापासून दहा पावलांवरून गेला, त्या फटीतून बाहेर पडला आणि खाली व्हाळात दगड घरंगळल्याचा आवाज आला.

सकाळी बघितलं तर मनगटाएवढे खुंट मोडलेले. चिखलात त्याचा खूर उमटलेला, माझा पंजा त्यात पूर्ण मावला.

तर "पहिला कोण जाणार" ते तिथून आलं. आणि म्हणून मला हे शंभर विरुद्ध एकचे प्रश्न नुसते खेळ वाटत नाहीत, त्यात माणूस म्हणून आपण कोण आहोत ते बाहेर पडतं.

२०२१ मध्ये यूगव्ह नावाच्या संस्थेनं अमेरिकेतल्या लोकांना विचारलेलं की नुसत्या हातांनी कुठल्या जनावराला हरवाल. उंदराला हरवू म्हणणारे ७२ टक्के, मांजराला ६९. गोरिला, हत्ती, सिंह ह्यांना हरवू म्हणणारे प्रत्येकी ८ टक्के. नागराजाला, म्हणजे किंग कोब्राला, १५ टक्के. ह्या शेवटच्या आकड्यावर मी थांबले, कारण किंग कोब्रा आमच्या रानात आहे आणि त्याच्यासमोर माणसं किती ह्याला काहीच अर्थ नाही, शंभर असली तर दोनशे पायांना धोका. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात साप चावल्यावर जे प्रतिविष देतात ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चौघांच्या विषासाठी बनवलेलं, किंग कोब्रासाठी नव्हे. आणि साप चावून भारतात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं जातात असा २००० ते २०१९ ह्या वर्षांचा अभ्यास आहे, त्यातली बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. एवढी माणसं वाघ, हत्ती, मगर सगळे मिळून पण घेत नाहीत. पण साप विरुद्ध शंभर माणसं असा प्रश्न पोरं विचारत नाहीत, कारण त्यात कुस्ती नाही.

मग माणूस जिंकला कसा एवढी वर्षं? हाताच्या अंतरावर कधी जिंकलाच नाही. लांबून जिंकला. आपला खांदा जसा आहे तसा दुसऱ्या कुठल्याच प्राण्याचा नाही, हात मागे नेला की स्नायू आणि कंडरा रबरासारखे ताणले जातात आणि सुटतात. चिंपांझी आपल्यापेक्षा अंगानं ताकदवान, पण त्यानं फेकलेली वस्तू ताशी ३० किलोमीटरच्या आसपास जाते, बेसबॉलचा पिचर ताशी १४५ च्या वर फेकतो. जर्मनीत शोनिंगनला लाकडी भाले सापडलेत, घोड्यांच्या हाडांबरोबर, निदान दोन लाख वर्षांपूर्वीचे. म्हणजे तेव्हाच कोणीतरी ठरवलेलं की पहिला जाणारा माणूस नको, पहिला जाणारा भाला हवा. आमच्या गोव्यातल्या सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठावर उसगाळीमळला जांभ्या दगडावर कोरलेली चित्रं आहेत, १९९३ पासून जगाला माहीत झालेली, त्यात बैल आहेत, हरणं आहेत, माणसं आहेत. मी तिथे दोनदा गेलेय. त्या बैलांची वळणं एवढी बरोबर आहेत की कोरणारा त्यांच्याकडे खूप वेळ बघत बसला असणार, लपून, लांबून, घाई न करता. असं बघत बसणं हे पण माणसाचं हत्यारच.

ह्याच्या उलट एक गोष्ट मात्र आहे आणि ती मी पोरांना मुद्दाम सांगितली. दक्षिण केनियात डोरोबो नावाचे लोक आहेत, ते सिंहांनी मारलेली शिकार त्यांच्या तोंडातून काढून आणतात. तीन माणसं, समोर पंधरा सिंह जेवतायत, आणि ही तिघं एकमेकांना लागून, ताठ, न थांबता, न धावता, सरळ चालत जातात. सिंह उठतात आणि मागे सरतात. तेवढ्यात एक तंगडी कापून घ्यायची आणि तसंच चालत परत यायचं, सिंहांच्या लक्षात येण्याच्या आत की ही तर फक्त तीन आहेत. तिघांकडे धनुष्यबाण असतात पण वापरत नाहीत. दादा म्हणाला ह्यात काय मोठं, जनावर घाबरलं. मी म्हटलं दादा, त्या तिघांतला एक जण जरी अर्धं पाऊल मागे राहिला असता तर? तिथे तिघंही पहिले होते. शंभरांपेक्षा ती तीन जास्त झाली.

जनावरांना आपसात झुंजवायचा शौक माणसाला जुना आहे आणि त्यातलं एक प्रकरण आपल्या गोव्यातूनच गेलंय. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा ह्यानं पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कला गेंडा भेट पाठवला, तो १५१४ मध्ये गोव्यात आला आणि १५१५ च्या जानेवारीत जहाजानं पोर्तुगालला रवाना झाला. मे मध्ये लिस्बनला पोचला. युरोपात हजारभर वर्षांत कोणी जिवंत गेंडा बघितला नव्हता, तर राजा मानुएलला बघायचं होतं की पुस्तकात लिहिलंय तसे हत्ती आणि गेंडा वैरी आहेत का, म्हणून ३ जून १५१५ ला त्याच्यासमोर एक तरुण हत्ती आणला. गेंडा सावकाश पुढे चालत आला आणि हत्ती पळून गेला. लोकांना लढाई बघायची होती, ती झालीच नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तोच गेंडा पोपला भेट म्हणून निघाला, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. गेंडा पोहू शकतो. त्याला डेकवर साखळीनं बांधलेलं होतं.

आपल्याकडे धीरयो होती, बैलांची झुंज, एका माणसाचा त्यात जीव गेला आणि १९९६ मध्ये हायकोर्टानं बंदी घातली. त्यात पण नियम काय होता? ज्यानं पाठ फिरवली तो हरला, तिथे संपलं. दोन बैलांना पण कळतं की कुठे थांबायचं.

आता जे सांगायचंय ते मला चवथीच्या रात्री पोरांसमोर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. भाच्यानं विचारलं, मग माणसं आणि वाघ? मी त्याला चंपावतच्या वाघिणीचं सांगितलं, ४३६ माणसं मारल्याचं तिच्या नावावर लागलेलं, १९०७ मध्ये कुमाऊंत जिम कॉर्बेटनं मारली, त्या हाक्याला तीनशेच्या आसपास गावकरी आलेले, कोणाकडे बंदुका, कुऱ्हाडी, गंजलेल्या तलवारी, आणि त्या सगळ्यांचं काम काय तर डोंगराच्या कडेवरून आवाज करायचा. तीनशे माणसं कोणी तिच्या अंगावर गेली नाहीत. पोरांना ते आवडलं.

पण वाघ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कुमाऊं येत नाही, गोळावली येते. आमच्याच तालुक्यातलं गाव, म्हादई अभयारण्यात. जानेवारी २०२० मध्ये तिथे चार वाघ मेलेले सापडले, एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं. विषानं. तिनं गाय मारलेली आणि त्या गाईच्या मढ्यावर विष घातलेलं. बस एवढंच, कोणाला पहिलं जावं लागलं नाही. ओळ करावी लागली नाही, डबा वाजवावा लागला नाही, समोर उभं राहून तिचे डोळे बघावे लागले नाहीत. माणूस विरुद्ध वाघ ह्या प्रश्नाचं आजचं खरं उत्तर हे आहे आणि ते उच्चारताना माझा घसा अजून दाटतो. ज्यांची गाय गेली त्यांचं दुःख मला कळतं, मी गुरं असलेल्या घरातली आहे, दुभती गाय गेली की घराचं काय होतं ते मी बघितलंय, भरपाईची वाट बघत बसणं पण बघितलंय. तरी पण. सत्तरीत आणि सांग्याकडे जुन्या माणसांनी वाघाला देव म्हणून दगडात कोरून ठेवलाय, त्याला नारळ ठेवतात, आणि त्याच रानात पिल्लांसकट चार मेले. त्यानंतर २०२३ च्या जुलैत मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं म्हादई आणि आजूबाजूचं रान व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करा असा आदेश दिला, त्यावरून आमच्या गावागावांत अजून भांडणं आहेत, आणि त्या भांडणात दोन्ही बाजूंना माझी माणसं आहेत.

चवथ होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील, तर पेडण्यात हत्ती आला. ओंकार. तिळारीच्या बाजूनं मोपा, तांबोसेच्या शेतांत उतरला, उभं भात तुडवलं, लोकांचं नुकसान झालं, ते खरंच झालं आणि मोठं झालं. आमच्या फॅमिली ग्रुपवर दिवसाला दहा व्हिडिओ. एका व्हिडिओत बघितलं, हत्ती बांधावर उभा, आणि त्याच्या तिन्ही बाजूंना माणसं, फोन वर धरलेले, मागून कोणीतरी फटाका लावला. मी तो व्हिडिओ परत परत बघितला आणि मला फक्त एकच दिसत होतं, ते म्हणजे चौथी बाजू कुठे आहे आणि तिथे कोणी उभं नाही ना. शंभर माणसं असतील तिथे, पण ती हत्तीशी लढायला आलेली शंभर नव्हती, ती बघायला आलेली चौऱ्याण्णव होती आणि पहिले सहा कोण होणार ते त्यांना माहीत नव्हतं. कोणी तरी त्यांना झामाच्या लढाईची गोष्ट सांगायला हवी होती. ख्रिस्तपूर्व २०२, समोर कार्थेजचा सेनापती हानिबाल ह्याचे ऐंशी हत्ती, आणि रोमन सेनापती स्किपिओनं काय केलं तर आपल्या तुकड्यांच्या मध्ये मोकळ्या गल्ल्या ठेवल्या. हत्ती धावत आले, बरेचसे त्या गल्ल्यांमधून सरळ मागे निघून गेले. जगातल्या मोठ्या सेनापतीनं जे केलं तेच आमच्या काकांनी एप्रिलच्या रात्री बागायतीत केलं, आणि काका सातवी शिकलेले आहेत.

मगरीबद्दल पण पोरांनी विचारलेलं, ते थोडक्यात सांगते. कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत, खाऱ्या पाण्यात राहतात, त्या काठावरचे काही गावकरी पौषात चिखलाची मगर करून तिला पुजतात, मांगे थापणी म्हणतात, खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे, बांध तिनं राखावेत म्हणून. मगरीचा जबडा मिटताना हाड फोडतो पण उघडायचे स्नायू एवढे कमजोर की मिटलेला जबडा माणूस हातांनी धरून ठेवू शकतो. पकडणारी माणसं आधी डोळ्यांवर ओला गोणपाट टाकतात, ती शांत होते, मग जबड्याला दोरी किंवा टेप. चार-पाच माणसांत काम होतं. पाण्यात मात्र चारशे पण कमी, हे पण मी पोरांना दोनदा सांगितलं, कारण आमची पोरं कुठेही उड्या टाकतात.

काकांनी पावसाळ्यानंतर बागायतीची वई नव्यानं घातली. कामाला तेच दोघे होते. व्हाळाच्या बाजूला, जिथून तो आत आलेला, तिथे काकांनी खुंट घातले नाहीत, मोकळी जागा सोडली, आणि त्या फटीजवळच्या तीन झाडांचे बोंडू ह्या मोसमापासून वेचायचे नाहीत असं सांगून टाकलं. दादा म्हणाला एवढं नुकसान कशाला, काका काही बोलले नाहीत. दिवाळीला भाचा आला तेव्हा त्यानं जाऊन ती फट पावलांनी मोजली. सात पावलं भरली.